चमच्याच्या पाठीवरून

भिलवडीच्या शाळेत एकतीस वर्षं मी बाटल्या धुतल्या.
पगारपत्रकात प्रयोगशाळा परिचर,
पोरांच्या तोंडी काचेवाल्या मावशी.

एकदा सातवी ब चे सर रजेवर.
मला जे येत होतं ते मी करून दाखवलं:
चंचुपात्रात मिठाचं पाणी, त्यात बिटाचा रस,
वरून साधं, नळाचं,
धार चमच्याच्या पाठीवर धरून,
झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसं.

खाली लाल, वर नितळ,
मध्ये केसाएवढी रेघ.
मधली सुट्टी झाली तरी रेघ तिथंच.
सगळ्यांना डबे उघडायची घाई.
एकटी नसीमा मुलाणी उभी राहिली:
पाण्यात पाणी मिसळत कसं नाही?
मी म्हटलं, मिठाला वजन असतं, बाई.
जड ते खाली, हलकं ते वर,
ढवळल्याबिगर लवकर एक व्हायचे नाहीत.
मग समुद्राला कोण ढवळतं?

मी पात्र धुवायला घेतलं.

आता ती बंगालच्या उपसागरात, जहाजावर.
तारेला बांधून एक यंत्र खाली सोडते,
ते मीटरामीटराला पाण्याची चव सांगत जातं.
विशाखापट्टणमला लागली की फोन करते.
मावशी, वरचं वीसेक मीटर पाणी अळणी आहे.
म्हणजे खारटच, पण खालच्यापुढे अळणी.
नद्यांचं आहे, पावसाचं आहे,
अजून पुरता समुद्र झालेलं नाही.

त्यात आपली कृष्णा किती?
ती हसते. खोटं बोलत नाही.
थोडी. बाकी गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती.
आपली तर वाटेत धरणांनीच पिऊन टाकली.

थोडी तर थोडी.
ज्या साली पाणी प्रयोगशाळेच्या खिडकीला लागलं,
मोरचूद, तुरटी, नवसागर एकाच गाळात गेले,
त्या पुराची रेघ दोनदा चुना देऊनही भिंतीतून वर येते.
ते पाणी पुढं कुठं गेलं, मी कधी विचारलं नाही.
ओसरलं म्हणायचं आणि खराटा घ्यायचा.
ते तिकडं जाऊन अंथरलं होतं,
परक्या दुधावर आलेली साय.

वारा ढवळतो, ती सांगते, पण वरच्या वर.
ही साय त्याला फोडता येत नाही.
खालचं गार पाणी खालीच,
माशांचं खाणं खालीच,
ऊन मात्र वर साठत राहतं.
मग वादळ येतं
आणि त्याला चूल आयती पेटलेली मिळते.

फोन ठेवून मी मळीच्या रानाकडं गेले.
दिराचा खालचा तुकडा पांढरा पडलाय,
भर दुपारी दहिवर पडल्यागत.
उसाला पाणी पाजून पाजून
इथं मीठ उलटं चाललंय, खालून वर.
तिकडं गोडं पाणी मिठाला दाबून धरतं,
इकडं गोड्या पाण्यानंच त्याला उठवलं.
चिमूटभर जिभेवर ठेवलं.
कडू. आणि मागून काहीतरी साबणासारखं.
नसीमाचं यंत्र ह्याला काय आकडा देईल?

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
ही पोर खरंच जागते,
रात्री दोनच्या पाळीला, तार हातात घेऊन,
काळ्या पाण्यात ती रेघ शोधत.

काल फोनवर मध्येच म्हणाली,
मावशी, त्या दिवशी बीटच का घेतलं होतं?
मला वाटलं, आता काहीतरी शहाणपणाचं सांगावं.

शाई संपली होती, मी म्हटलं.
बीट माझ्या डब्यातलं होतं.